एका लिटरमध्ये किती युनिट?

मित्सुबिशीची आउटलँडर पीएचईव्ही जानेवारी २०१३ मध्ये जपानच्या रस्त्यांवर आली. पीएचईव्ही म्हणजे प्लग-इन हायब्रिड: पेट्रोल इंजिन आणि बाहेरून चार्ज करता येणारी मोठी बॅटरी, दोन्ही असलेली गाडी. बॅटरी पूर्ण चार्ज असेल आणि पेट्रोलची टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर ही गाडी एका सर्वसाधारण घराला दहा दिवस वीज पुरवू शकते, असं कंपनीने तेव्हा जाहीर केलं. हिशेबासाठी धरलेलं घर दिवसाला १० युनिट वीज वापरणारं होतं, म्हणजे एकूण १०० युनिट. गाडीतली बॅटरी मात्र अवघी १२ युनिटची. ही युनिटं आपल्या वीजबिलावरचीच. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास.

मग उरलेली ८८ युनिटं येणार कुठून? ४५ लिटर पेट्रोलमधून. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण ९ युनिट उष्णता मिळते, म्हणजे भरलेल्या टाकीत ४०० युनिट ऊर्जा असते. त्यातली ८८ विजेच्या रूपात बाहेर काढायची, तर एकूण कार्यक्षमता २२ टक्के हवी. चांगलं पेट्रोल इंजिन त्याला मानवणाऱ्या भारावर चालवलं, तर इंधनातली ३० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा दांड्याच्या फिरण्यात उतरते. मग जनरेटर, बॅटरी आणि इन्व्हर्टर प्रत्येकी थोडं थोडं खातात आणि हातात २२ ते २५ टक्के उरतात. दावा कागदावर तरी टिकतो. लिटरमागे दोन युनिट, असं ढोबळ गणित लक्षात ठेवायला हरकत नाही.

साधी पेट्रोल गाडी जागेवर चालू ठेवून, तिच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडून हे जमेल का? वीज मिळेल, पण एवढी नाही. दोन लिटर क्षमतेचं इंजिन काहीही काम न करता नुसतं घुरघुरत राहिलं तरी तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल पितं. पिस्टनचं घर्षण, हवा आत ओढण्याची धडपड, पाण्याचा पंप, ऑइलचा पंप यांचा खर्च काम असो वा नसो, चालूच असतो. त्या इंजिनाची ताकद ८० किलोवॅटच्या वर आणि आपण मागतो जेमतेम एक किलोवॅट. इंजिन सगळ्यात उधळं असतं ते अशा तुटपुंज्या भारावर.

प्लग-इन हायब्रिडमध्ये इंजिन आणि आपला भात शिजवायचा कुकर यांच्यामध्ये मोठी बॅटरी उभी असते, आणि तिथे सगळं बदलतं. कुकर, पंखा, दिवा हे सगळे बॅटरीतून वीज घेतात, इंजिन बंदच असतं. बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली गेली की इंजिन आपोआप सुरू होतं, चांगल्या भारावर चालून तिच्यात भराभर वीज भरतं आणि पुन्हा थांबतं. समजा आपण सतत ५०० वॅट वापरतोय आणि इंजिन सुरू झाल्यावर १० किलोवॅटने चार्जिंग करतंय. मग तासाला इंजिनाची गरज फक्त तीन मिनिटांची, तोटा धरून चार. प्रत्यक्षात ते तासागणिक सुरू होत नाही; बरेच तास शांत राहतं आणि मग एकदम काही वेळ चालतं. या गाडीची बॅटरी लहान आहे म्हणून तिला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. विजेची साठवण हे तिचं दुय्यम काम. इंजिनाला फालतू भारावर रखडू न देणं, हे तिचं खरं काम.

ही कल्पना जपानमध्ये रुजली त्याला कारण आहे. टोयोटाच्या एस्टिमा हायब्रिडमध्ये १५०० वॅटचं घरगुती सॉकेट २००१ पासूनच होतं. तेव्हा ती सहलीची चैन होती. मग ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी आली. ईशान्य किनाऱ्यावरचे तेलशुद्धीकरण कारखाने बंद पडले, बंदरं आणि रस्ते उद्ध्वस्त झाले, पेट्रोलसाठी मैलभर रांगा लागल्या. अनेक ठिकाणी पेट्रोलच्या आधी वीज परत आली, म्हणून मदतकार्यासाठी मित्सुबिशीने आपल्या पूर्ण विजेवर चालणाऱ्या छोट्या आय-मीव्ह गाड्या तिकडे पाठवल्या. त्या धावल्या, पण एक उणीव फार टोचली. १६ युनिट वीज पोटात बाळगणारी गाडी दारात उभी आणि अंधारात बसलेल्या माणसांना तिच्यातून चहाचं पाणीसुद्धा गरम करता येत नव्हतं, कारण बाहेर वीज काढायला भोकच नव्हतं. २०१२ मध्ये कंपनीने त्यासाठी १५०० वॅटचा एक जोडडबा बाजारात आणला. आउटलँडरमध्ये तर ते सॉकेट गाडीतच बसवून घेता येऊ लागलं.

त्यानंतरही निसर्गाने परीक्षा घेणं थांबवलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे भूकंपानंतर होक्काइदो बेटाची अख्खी वीजयंत्रणा कोसळली आणि तीस लाखांच्या जवळपास घरं एका फटक्यात अंधारात गेली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोकियोशेजारच्या चिबा प्रांतात फक्साई वादळाने मनोरे आणि खांब आडवे केले. काही भागांत दोन आठवड्यांहून अधिक काळ वीज नव्हती, आणि तेही उकाड्याचे दिवस. तिथे गाडी कंपन्यांनी विजेच्या आणि प्लग-इन गाड्या पाठवल्या. पंखे, फ्रिज, मोबाइल चार्जिंग अशा साध्या गरजा त्यांनी भागवल्या. आज जपानमधल्या अनेक नगरपालिकांचे गाडी कंपन्यांशी असे आपत्तीकाळातले करार आहेत.

सहलीला हीच यंत्रणा उपयोगी पडते, फक्त हिशेब थोडा वेगळा करावा लागतो. दोन आकडे गोंधळून चालत नाहीत. १५०० वॅट ही मर्यादा आहे एका वेळी किती ओढता येईल याची. १२ युनिट ही एकूण शिदोरी. विजेची किटली १२०० वॅट ओढते, पण जेमतेम पाच मिनिटं. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला ०.१ युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे शिदोरीतला किरकोळ घास. मात्र किटली आणि इंडक्शन शेगडी एकाच वेळी लावली की सॉकेट बंद पडणार.

उब मिळवायची तर याच्या उलट. हजार वॅटचा हीटर रात्रभर, म्हणजे आठ तास, लावला तर ८ युनिट गेली, गाडी रिकामी. त्याऐवजी ५० वॅटचं विजेचं ब्लँकेट घेतलं तर तेवढ्याच वेळात ०.४ युनिट. म्हणूनच हिवाळ्यात गाडीत किंवा तंबूत झोपणारे जपानी लोक विजेच्या ब्लँकेटवर एवढे खूश असतात. तंबूतली हवा तापवली की ती कापडातून निघून जाते. अंगालगतची उब अंगालाच लागते. वीस पट फरक फक्त उष्णता कुठे सोडायची याच्या निवडीने पडतो.

पण माहितीपत्रकात सहसा न दिसणारा एक खर्च आहे आणि तो जाणून घेतल्याशिवाय या गाडीसोबत रात्र काढू नये. सॉकेट चालू ठेवायचं तर उच्च दाबाच्या बॅटरीचे रिले, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे विजेवर चालणारे स्विच, जोडलेल्या स्थितीत धरून ठेवावे लागतात. गाडीचे संगणक जागे राहतात, १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत राहते, कधी थंड करणारा पंप फिरतो. गाडीगाडीत आकडा वेगळा, पण शंभर ते तीनशे वॅट यातच जातात. दीडशे वॅट धरले तर रात्रभरात १.२ युनिट. दोन ब्लँकेटांना ०.८ लागतात, त्यापेक्षा हे जास्त! नुसता मोबाइल चार्ज करायला रात्रभर सॉकेट चालू ठेवणं तर शुद्ध उधळपट्टी. जाणकार लोक संध्याकाळी तासभर सॉकेट चालू करतात, स्वयंपाक उरकतात, त्याच वेळी एक-दीड युनिटची सुटी पोर्टेबल बॅटरी भरून घेतात आणि मग गाडी पूर्ण बंद करतात. रात्रभर ब्लँकेट आणि दिवा त्या सुट्या बॅटरीवर.

सगळी १२ युनिटं हाती येत नाहीत, हेही ध्यानात ठेवायचं. बॅटरी लवकर म्हातारी होऊ नये आणि गाडी हायब्रिड म्हणून पळती राहावी यासाठी तळाचा साधारण चौथा हिस्सा राखून ठेवलेला असतो. बॅटरी झिजेल ही भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. घाट चढताना हीच बॅटरी चाळीस-पन्नास किलोवॅट देते. सॉकेटमधून दीड किलोवॅट देणं तिच्यासाठी हलकं काम आहे.

धोका वेगळीकडे आहे. हे इंजिन आपोआप सुरू होतं, आपण झोपलेले असतानाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गाडी बंद शटरच्या गॅरेजात असेल, किंवा सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं असेल, तर तो वायू गाडीत, घरात साचतो आणि झोपेतच जीव घेतो. डिसेंबर २०२० मध्ये कानएत्सु महामार्गावर हिमवर्षावात दोन हजारांहून अधिक गाड्या अडकल्या होत्या, तेव्हा धुराड्यापाशी बर्फ साचू देऊ नका, हीच सूचना प्रत्येक चालकासाठी सगळ्यात मोलाची होती. रात्री झोपायचं तर इंजिन सुरूच होणार नाही अशी सोय गाडीत आहे का, हे आधी पाहावं. नसेल तर गाडी बंद करावी. पाय मुडपून तासन्‌तास गाडीत बसून झोपणंही बरं नाही. २०१६ च्या कुमामोतो भूकंपानंतर हादऱ्यांच्या भीतीने गाडीतच राहिलेल्या अनेकांच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या.

दुसरा धोका दुसऱ्याच्या जिवावरचा आहे. गाडीच्या सॉकेटमधली वायर थेट घराच्या भिंतीतल्या सॉकेटात खुपसून सगळं घर उजळवायचा मोह होतो. तो कधीही करू नये. मेन स्विच चालू राहिला तर आपली वीज उलटी लाइनवर जाते. रोहित्र २३० व्होल्टचे ११,००० व्होल्ट करतं, आणि दोन गल्ल्यांपलीकडे खांबावर चढलेला वायरमन वीज गेलेली आहे या भरवशावर तारेला हात लावतो. घराला गाडी जोडायची तर लाइन आणि गाडी एकाच वेळी जोडल्या जाऊच शकणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. तोवर फ्रिज आणि पंख्याची वायर एक्स्टेन्शन बोर्डाने सरळ गाडीकडे आणावी.

आपल्याकडे हा विषय नुसत्या सहलीचा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या अनेक गावांना कित्येक आठवडे वीज नव्हती. अशा घराची किमान गरज मांडून पाहू. फ्रिजला दिवसाला १ युनिट, दोन कमी विजेवर चालणाऱ्या पंख्यांना मिळून ०.७, एलईडी दिवे आणि मोबाइल ०.३. झाली २ युनिट. हे सगळं आठ तासांत बसवलं आणि गाडीचा स्वतःचा खर्च मिळवला, तरी दिवसाला सव्वातीन. १०० युनिट देऊ शकणारी गाडी एवढ्यावर महिनाभर निभावते. घरातला १५० अँपिअर-तासाचा इन्व्हर्टर पूर्ण भरलेला असला तरी १.८ युनिटचाच, म्हणजे एका दिवसात संपणारा. फक्त विहिरीवरचा पंप यात बसत नाही. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना एक किलोवॅटच्या आसपास घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि १५०० वॅटचं सॉकेट तिथेच मान टाकतं. मोटरला हळूहळू वेग देणारा ड्राइव्ह, म्हणजे तिचा वेग सांभाळणारं उपकरण, लावला तर जमू शकतं.

प्लग-इन हायब्रिड भारतात जवळजवळ फक्त महागड्या गाड्यांमध्येच दिसते. टाटा नेक्सॉन किंवा ह्युंदाई क्रेटाच्या विजेवरच्या गाड्यांतून वीज बाहेर घेता येते, ही चांगलीच गोष्ट. पण त्यांची शिदोरी संपली आणि गावातली वीज आलेली नसली की भरणार कुठून? इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड व्हिटारासारख्या, बाहेरून चार्ज न होणाऱ्या हायब्रिड मात्र आपल्या रस्त्यांवर आता भरपूर आहेत. त्यांची बॅटरी दोन युनिटांच्याही आतली, पण मध्यस्थाचं काम करायला तेवढी पुरते. इंजिन थोड्या थोड्या वेळाने सुरू होईल इतकंच. जपानमध्ये टोयोटा अशाच लहान बॅटरीच्या हायब्रिडवर १५०० वॅटचं सॉकेट देते. आपल्याकडच्या हायब्रिडमध्ये ते सहसा नसतं. इंजिन, जनरेटर, बॅटरी सगळं आधीच गाडीत आहे. कमी आहे ती एक इन्व्हर्टर, एक सॉकेट आणि थोडं सॉफ्टवेअर एवढ्याची. कोकणात गाडी विकणाऱ्या प्रत्येक शोरूममध्ये गिऱ्हाइकाने मायलेजच्या आधी या सॉकेटबद्दल विचारावं, असं मला मनापासून वाटतं.