अ‍ॅग्रिप्नेटिस क्रॅसिकॉर्निस

ट्रायकॉप्टेरा गणातील फ्रिगॅनिइडी कुलातली ही उत्तर युरोपातील कॅडिस माशी (अळी अवस्था पाण्यात काढणारा, पतंगासारखा दिसणारा कीटक) ब्रिटनमध्ये केवळ एकाच तळ्यात, यॉर्कशायरमधील मॅलम टार्नमध्ये आढळते. कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्लॅक्लन यांनी १८७६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. नावातील ‘क्रॅसिकॉर्निस’ याचा अर्थ जाड शृंगिकांची (डोक्यावरच्या मिशांची). मराठीत ‘माशी’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी घरमाशीपेक्षा पतंग-फुलपाखरांशी तिचे नाते कितीतरी जवळचे आहे. फरक असा, की तिच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात, आणि ‘ट्रायकॉप्टेरा’ म्हणजे केसाळ पंखांचे कीटक, हे गणाचे नावही त्यावरूनच पडले.

ओळख पटवताना आधी कूळ निश्चित करावे. प्रौढ कीटकाच्या डोक्यावर तीन साधे नेत्र असतात, पुढच्या, मधल्या व मागच्या पायांच्या नडगीवर अनुक्रमे दोन, चार, चार काटे असतात आणि जंभस्पर्शक (तोंडाजवळचे खंडयुक्त स्पर्शावयव) नरात चार, तर मादीत पाच खंडांचे असतात. तळ्यांत नेहमी भेटणाऱ्या लिम्नेफिलिडी कुलातील नराचे जंभस्पर्शक तीनच खंडांचे असल्याने, हातभिंगाखाली एवढे खंड नीट मोजले तरी निम्मा गोंधळ मिटतो. अळीच्या बाबतीत वक्षाचा दुसरा खंड पाहावा: लिम्नेफिलिडीत त्याची पाठ कठीण तपकिरी पट्टाने झाकलेली असते, फ्रिगॅनिइडीत ती जवळजवळ सगळी मऊ व फिकट दिसते. या कुलातील अळ्या वनस्पतींचे तुकडे रेशमाने जोडून स्वतःभोवती नळी विणतात आणि डिवचल्यास ती चटकन सोडूनही देतात; म्हणून अळी हाताळताना घाई करू नये व पाहून झाल्यावर तिला नळीसह जागच्या जागी सोडावे. जातीची खात्री मात्र जननांगे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होते.

या जातीचे खरे कोडे तिच्या अधिवासात आहे. ब्रिटनबाहेर ती बाल्टिक समुद्राच्या मचूळ पाण्यात राहते, तर मॅलम टार्न समुद्रसपाटीपासून ३७७ मीटर उंचीवरचे, सुमारे ६२ हेक्टरांचे गोड्या पाण्याचे तळे आहे. हे पाणी गोडे असले तरी मऊ नव्हे: भोवतालच्या चुनखडकातून झिरपून आल्याने ते चुनकट असते, आणि दोन्ही ठिकाणच्या पाण्यांतील साम्य शोधायचे तर विरघळलेल्या खनिजांपासून सुरुवात करणेच सयुक्तिक ठरते. १७९१ मध्ये बांध घालून तळ्याची पातळी वाढवण्यात आली, तरीही ते उथळच आहे. त्यामुळे तळापर्यंत उजेड पोहोचून कारा या पाणवनस्पतीसारख्या दिसणाऱ्या शैवलाची दाट कुरणे वाढतात. ही शैवले बोटांत चुरडली की त्यांच्यावर चढलेल्या चुन्याचा खरखरीतपणा जाणवतो.

शेतातून किंवा सांडपाण्यातून फॉस्फेट उतरले, तर तरंगत्या शैवलांनी पाणी गढूळ होते आणि कारा शैवलाला उजेड मिळेनासा होतो. तळे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रात असल्याने काठाला संरक्षण आहे, परंतु पाणी जिथून येते त्या साऱ्या पाणलोटाची काळजी घेणे तितकेच निकडीचे आहे, कारण येथील अळ्या नाहीशा झाल्या तर त्यांची जागा भरून काढील असे दुसरे तळे ब्रिटनमध्ये नाही.