'ओरडली का नाही?' या प्रश्नाला शरीराचे उत्तर

शेताच्या बांधावर अचानक समोर नाग उभा राहिला आणि 'माझी वाचाच बसली' असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला त्यात काहीही नवल वाटत नाही. हातपाय गळणे, अंगातले त्राण जाणे, दातखीळ बसणे, जागच्या जागी थिजणे हे सगळे मराठीने फार पूर्वीपासून जाणलेले शारीरिक अनुभव आहेत. तरीही तोच अनुभव लैंगिक अत्याचार सोसलेली स्त्री सांगते, तेव्हा घरातले, पोलीस ठाण्यातले आणि पुष्कळदा न्यायालयातले लोकही विचारतात, 'मग ओरडली का नाहीस? ढकलून का दिले नाहीस?' हा प्रश्न विचारणाऱ्याला तो साधा व्यवहारी वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे मानवी शरीराविषयीची एक चुकीची समजूत आहे आणि तिची किंमत आजवर असंख्य स्त्रियांनी मोजलेली आहे.

या समजुतीचा सर्वात ठळक दाखला महाराष्ट्रातलाच आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात, मजुरी करणाऱ्या एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. तिचे वय डॉक्टरांनी १४ ते १६ वर्षे असे अंदाजले होते. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलीस कर्मचाऱ्यांना निर्दोष सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटी आलेली हतबल शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे म्हणत त्यांना शिक्षा दिली. पुढे 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तेव्हा घडले ते शांततेत घडले आणि तिने कडवा प्रतिकार केल्याची हकीकत खोटी आहे, असा निष्कर्ष निकालात काढलेला होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले.

योगायोग असा, की त्याच १९७९ साली सूझन सुआरेझ आणि गॉर्डन गॅलप या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. ते मुख्यतः कोंबड्यांवर संशोधन करीत. कोंबडीला धरून थोडा वेळ दाबून ठेवले आणि मग हात काढून घेतला, तरी ती मेल्यासारखी पडून राहते, हे निरीक्षण जुने आहे. अथानासिउस किर्शर या जर्मन विद्वानाने १६४६ मध्येच त्याचे वर्णन केले होते. ससा, साप, शार्क अशा अनेक प्राण्यांत दिसणाऱ्या या अवस्थेला शास्त्रज्ञ 'टॉनिक इम्मोबिलिटी' म्हणतात. आपण तिला भयजन्य निश्चलता म्हणू. तीव्र भीती आणि पकडीतून सुटका नसल्याची जाणीव या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती उद्भवते. अत्याचारित स्त्रिया जे वर्णन करतात, म्हणजे शरीर जड पडणे, आवाज न फुटणे, थंडी वाजून कंप सुटणे आणि तरीही सगळे कळत असणे, ते याच प्रतिक्रियेशी जुळते, असे सुआरेझ आणि गॅलप यांनी मांडले.

हे किती जणींच्या बाबतीत घडते, याचे उत्तर स्टॉकहोममधून मिळाले. तेथील एका मोठ्या रुग्णालयात बलात्कारपीडित स्त्रियांसाठी तातडीच्या उपचारांचे स्वतंत्र केंद्र आहे. अत्याचारानंतर महिन्याभरात तेथे आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय आणि ४८ टक्के स्त्रियांनी अतितीव्र निश्चलता अनुभवली होती. म्हणजे आपण ज्याला अपवाद मानून संशय घेतो, ते तेथे येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत घडलेले होते. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती अधिक अस्वस्थ करणारी वाटते. ज्या स्त्रियांचे शरीर असे थिजले होते, त्यांच्यात सहा महिन्यांनंतर आघातोत्तर मनोविकाराचे (आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास, इंग्रजीत पीटीएसडी) आणि तीव्र नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त होते. जिला 'तू प्रतिकार केला नाहीस' असे ऐकवले जाते, तिलाच उपचारांची गरज अधिक असण्याची शक्यता असते.

शरीर असे का वागते? धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील अमिग्डाला हा भाग सावध होतो आणि मध्यमेंदूतील केंद्रांमार्फत शरीराला क्षणार्धात आदेश जातात. कपाळामागचा मेंदूचा जो भाग सारासार विचार करतो, योजना आखतो, त्याचे कामकाज तीव्र ताणात मंदावते. पळावे, लढावे की थिजावे, याचा निर्णय त्या वेळी ती व्यक्ती विचारपूर्वक घेतच नसते. डोळ्यांत धूळ गेल्यावर पापणी मिटते, तितकाच तो तिच्या इच्छेबाहेरचा असतो. स्मरणावरही याचा परिणाम होतो. भिंतीचा रंग, एखादा वास, हल्लेखोराचा आवाज हे तपशील मनात कोरले जातात, पण आधी काय आणि नंतर काय, किती वेळ गेला, हा क्रम विस्कळीत राहतो. जबाबातील अशी विसंगती पुढे उलटतपासणीत खोटेपणाचा पुरावा म्हणून वापरली जाते.

नंतरच्या वागण्याविषयीही आपल्या अपेक्षा ठरलेल्या असतात. तिने रडावे, कोलमडावे. अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी १९७२ पासून वर्षभर बोस्टनच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या अशा स्त्रियांशी सविस्तर बोलून १९७४ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांना सुरुवातीच्या काळात दोन प्रकार आढळले. काही जणी रडत, थरथरत होत्या, तर जवळपास तितक्याच जणी वरून शांत, संयत दिसत होत्या. शांत बसलेल्या मुलीकडे पाहून 'हिला तर काहीच वाटत नाही' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

बावीस अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सांगते, की अत्याचारानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ८१ टक्के व्यक्तींमध्ये आघातोत्तर विकाराची लक्षणे निकषांइतकी तीव्र असतात. महिन्यानंतर हे प्रमाण ७५ टक्के आणि वर्षानंतर सुमारे ४१ टक्के उरते. झोप उडणे, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, विशिष्ट रस्ता किंवा स्पर्श टाळणे आणि सतत दोष स्वतःकडे घेणे ही ती लक्षणे. यात सुधारणा बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत होते, आणि ती होईल की नाही हे भोवतालच्या माणसांवरही अवलंबून असते. प्रथम ज्याला सांगितले त्याने अविश्वास दाखवला किंवा दोष दिला, तर लक्षणे अधिक तीव्र आढळतात, हे अनेक संशोधनांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. आपल्याकडे नोंद झालेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. त्यामुळे पहिला ऐकणारा आरोपीचाही नातलग किंवा शेजारी असतो आणि 'घराण्याची अब्रू' हा शब्द तिच्या प्रकृतीच्या आधी उच्चारला जातो.

कायदा हळूहळू बदलला. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील अत्याचारात पीडितेने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद आणली. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे वाक्य मात्र कायद्यात स्पष्टपणे यायला २०१३ साल उजाडले. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. स्त्रीला लैंगिक संबंधांची सवय आहे का, हे योनीत बोटे घालून ठरवू पाहणारी अशास्त्रीय 'दोन बोटांची चाचणी' करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर पीडितेला तातडीने मोफत उपचार देण्याचे बंधन आहे. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत घेतली तर उपयोगी पडतात, आणि ती जितकी लवकर मिळतील तितके बरे. तक्रार करायची की नाही, या घरच्या चर्चेत नेमके हेच तास निघून जातात.

मनावरच्या उपचारांसाठी मोठ्या शहरातले तज्ज्ञच हवेत, असेही नाही. पूर्व काँगोतील युद्धग्रस्त खेड्यांत ४०५ स्त्रियांसोबत झालेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःला दोष देणारे विचार एकेक करून तपासून पाहण्याची एक पद्धत तेथे वापरली गेली: एक वैयक्तिक आणि अकरा सामूहिक बैठका. त्या चालवल्या स्थानिक कार्यकर्त्या स्त्रियांनी, ज्यांच्यासाठी किमान शिक्षणाची अट प्राथमिक शाळेपुढे चार वर्षे इतकीच होती. सहभागी स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता येत नव्हते, म्हणून सगळा पाठ सोपा करून तोंडी बांधलेला होता. सहा महिन्यांनंतर नैराश्य किंवा चिंताविकाराच्या निकषांत बसणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण या गटात ९ टक्के होते, तर फक्त वैयक्तिक आधार मिळालेल्या गटात ४२ टक्के. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत आपल्याकडे गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणींना गावातली न सांगितली गेलेली दुःखे आजही ठाऊक असतात.