घूं कुठल्या दाराने येते?

रात्री साडेदहानंतर कोल्हापुरात राजारामपुरीतली रहदारी ओसरली की आमच्या स्पीकरमधली घूं ऐकू यायची. गाणं चालू असताना कळायची नाही. दोन गाण्यांच्या मधे मात्र पलीकडच्या खोलीत कुणीतरी तंबोरा छेडत बसल्यासारखी. "कारखान्यांचं उद्यमनगर जवळ, लाइट घाण येते," असं निदान करून दुकानदाराने वीज 'साफ' करणारा साडेसात हजारांचा डबा, पॉवर कंडिशनर, माझ्या गळ्यात मारला. घरी आणून जोडला. घूं जागच्या जागी.

मग डबा उघडला. वॉरंटी गेली, जाऊ दे. आत जादा व्होल्टेज झेलणारे, निळ्या बटणांसारखे तीन व्हॅरिस्टर, फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेली तांब्याची तार आणि दोन-चार कपॅसिटर. गुंडाळी आणि कपॅसिटर मिळून हजारो-लाखो हर्ट्झची कचकच अडवतात. पण आपली वीजच 50 हर्ट्झची. तिला अडवलं तर अ‍ॅम्प्लिफायर चालणार कशावर? आणि कुठल्या हर्ट्झचा आवाज किती ते दाखवणाऱ्या मोबाइलच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये माझ्या घूंच्या खुंट्या उभ्या होत्या 50, 100 आणि 150 वर.

डबा काहीच करत नाही असं नाही. पॉकेट ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावून स्वस्तातल्या एलईडी बल्बजवळ किंवा मोबाइल चार्जरजवळ नेऊन बघा, चर्रर्र सुरू होते. चार्जरमधला स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि त्याची कचकच वायरमध्ये उतरते. चार्जर कंडिशनरमधून लावल्यावर बोर्डाजवळची चर्रर्र बरीच कमी झाली. म्हणजे फिल्टर खरा. पण ही कचकच बहुतेक कानाच्या 20,000 हर्ट्झच्या मर्यादेपलीकडची, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर तिच्यातली बरीचशी तसेही गिळतात.

घूंचा पत्ता लागला तो अपघाताने. पुसताना, अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सची केबल सुटली आणि खोली एकदम शांत! केबलवाल्याची वायर खांबांवरून, गच्च्यांवरून येते. तिची बाहेरची जाळी जमिनीला टेकते ती कुठेतरी लांब. अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग आमच्या परड्यात. दोन्हीकडच्या 'शून्य' व्होल्टमध्ये थोडा फरक असतोच, आणि त्या फरकाने वाहणारा प्रवाह वाट काढतो ऑडिओ वायरच्या जाळीतून. ऑडिओ सिग्नल साधारण 0.3 व्होल्टचा, त्यात 1 मिलिव्होल्ट मिसळला तरी रात्री ऐकू येतो. याला अर्थ लूप म्हणतात. केबलच्या वाटेत अडीचशे रुपयांचा आयसोलेटर घातला, घूं गेली. काहीजण यावर प्लगची जाड पिनच कापून टाकतात. घूं जाते खरी, पण उद्या बॉडीत फेज उतरला तर त्याला जमिनीत जायला हात लावणाऱ्याचं अंग तेवढं उरतं.

तरीही 'कंडिशनरने आवाज मोकळा झाला' असं मला वाटत होतंच. साडेसात हजार मोजलेत म्हटल्यावर वाटणारच. भाचीला रॅकमागे बसवलं. नाणं उडवून ती कधी कंडिशनर, कधी थेट बोर्ड लावायची आणि वहीत लिहायची. दहा वेळा तेच गाणं, दहा वेळा माझा अंदाज. सहा बरोबर! मी खूश. पण नुसतं नाणं उडवूनही दहापैकी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे 38 टक्के असते. नऊ आले असते तर बोललो असतो.

आता तो डबा टीव्हीला लावलाय, वळवाच्या विजांसाठी. व्होल्टेजचा क्षणिक लोंढा आला की व्हॅरिस्टर तो स्वतःतून वळवतात, दर वेळी थोडे झिजत. न्यूट्रल तुटला तर मात्र त्यांचं काही चालत नाही. मग 230 च्या जागी घरात 400 च्या जवळपासही येऊ शकतात, तेही क्षणभर नव्हे, मिनिटंच्या मिनिटं. व्हॅरिस्टर जळून जातात. त्यासाठी जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारा कटऑफ वेगळा बसवावा लागतो. तो बसवायला आलेल्या वायरमनने न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला: 9 व्होल्ट. परड्यातल्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतायला लावलं. तासाभराने 3.

"उन्हाळाभर घालत जावा की ओ," जाताना म्हणाला, "तुळशीला घालताय न्हवं?"