क्रशरची धूळ : तिपाईवरची आणि अंगावरची

गिट्टी क्रशरवर गेलं की मॅनेजर फाईल पुढे करतो. "हवेचा रिपोर्ट आहे ना साहेब, सहाशेच्या आतच आहे." असतोही. क्रशरसाठी घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, आणि ती धूळ यंत्रापासून 3 ते 10 मीटरवर, तिपाईवर ठेवलेल्या मापकाने मोजायची असते. पण हॉपरमध्ये, म्हणजे दगड ओतायच्या नरसाळ्यात, अडकलेला दगड सब्बलीने मोकळा करणारा गडी यंत्राला खेटून उभा असतो. फाईलमधला आकडा त्याचा नाही.

त्याची हवा मोजायची तर सामान त्याच्या अंगावरच चढवावं लागतं. मुठीएवढा पंप कमरेला, पाठीवरून नळी, कॉलरपाशी, नाकापासून वीतभर अंतरावर, फिल्टरची डबी. डबीच्या तोंडाशी छोटं सायक्लोन. जाड धूळ त्यात गरगरून खाली पडते, फुप्फुसात खोल जाणारी बारीक तेवढी फिल्टरवर बसते. मिनिटाला 2.2 लिटरने 8 तासांत साधारण 1 घनमीटर हवा ओढली जाते. पंप सारखा गुरगुरतो. "आमचं बोलणं तर टेप नाही करत ना हे?" एकानं विचारलंच.

फिल्टर आधी तोलायचा, नंतर तोलायचा. सोबत एक कोरा फिल्टरही नेऊन आणतात, नाहीतर दमटपणाचं वजन धुळीच्या खात्यात जातं. मग एक्स-रेने किंवा इन्फ्रारेडने क्वार्ट्ज, म्हणजे गारगोटीचं खनिज, किती ते बघायचं. एवढा खटाटोप कशाला? कारण इथे मर्यादा दगडाप्रमाणे बदलत आली. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतलं सूत्र असं होतं : 10 भागिले (क्वार्ट्जचे टक्के अधिक 2). 3 टक्के निघाले तर घनमीटरला 2 मिलिग्रॅम चालायचे, 18 टक्के निघाले तर फक्त 0.5. त्यामुळे यवतमाळचा काळा दगड आणि भंडाऱ्याकडचा दगड एका मापाने मोजून भागत नाही.

"600 कुठे अन् 0.5 कुठे," असं म्हणून हसणारेही भेटतात. 600 मायक्रोग्रॅम म्हणजे 0.6 मिलिग्रॅमच, आणि त्यात जाड-बारीक सगळी धूळ आली; 0.5 मात्र फक्त बारीक धुळीचे.

तिपाई निकामी नाही हं. पाण्याचे फवारे सुरू केल्यावर फरक पडला का, पट्ट्याच्या कोणत्या टोकाला जास्त उडते, हे तिनेच कळतं.

मागे एका गड्यानं गरम होते म्हणून पंप काढून बाभळीला टांगला. संध्याकाळी फिल्टर जवळपास पांढरा. पंप दिवसभर इमानदारीनं चालला होता, पण मोजली बाभळीची हवा. नमुना रद्द. दुसऱ्या दिवशी बाजाराचा खाडा, म्हणून परवा पुन्हा.