उवांच्या उपचारातील नववा दिवस

मुलाच्या डोक्याला औषध लावले, चालणाऱ्या उवा दिसेनाशा झाल्या आणि पंधरवडा उलटायच्या आत त्या पुन्हा सापडू लागल्या, असा अनुभव पुष्कळ पालकांना येतो. मग औषधाला दोष दिला जातो किंवा मुलाने बाहेरून नव्या उवा आणल्या असे मानले जाते. दोन्ही शक्य असले, तरी बरेचदा खरे कारण आधीपासून केसांवरच असते, आणि ते म्हणजे लिखा.

प्रौढ ऊ 2 ते 3 मिलिमीटर लांब असते. मादी दिवसाला साधारण 6 ते 8 अंडी घालते आणि प्रत्येक अंडे चिकट द्रावाने केसाच्या मुळाजवळ, डोक्याच्या त्वचेची ऊब मिळेल अशा ठिकाणी, इतके घट्ट बसवते की नुसत्या धुण्याने ते सुटत नाही. सुमारे 7 ते 9 दिवसांत त्यातून पिल्लू बाहेर पडते आणि आणखी 9 ते 12 दिवसांत ते स्वतः अंडी घालण्याजोगे होते. नेहमी वापरले जाणारे 1 टक्का परमेथ्रिन उवांच्या चेतासंस्थेवर आघात करते. परंतु ताज्या अंड्यात पहिले काही दिवस चेतासंस्थाच तयार झालेली नसते, त्यामुळे पहिल्या उपचारातून लिखा वाचतात. म्हणूनच नवव्या दिवसाच्या सुमारास औषध पुन्हा लावणे अत्यंत आवश्यक आहे, कारण तोपर्यंत वाचलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर आलेली असतात आणि त्यांपैकी एकही अजून अंडी घालू लागलेले नसते. डोके स्वच्छ दिसते म्हणून ही दुसरी वेळ टाळणे हीच माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

परमेथ्रिन लावण्यापूर्वी केस साध्या शाम्पूने धुऊन टॉवेलने टिपावेत, कंडिशनर लावू नये आणि औषध 10 मिनिटे ठेवून धुवावे. काही उवांमध्ये जनुकीय बदलांमुळे या औषधाला दाद न देण्याची क्षमता आली आहे. त्यांच्यासाठी डायमेथिकोन हा सिलिकॉनयुक्त द्रव उपयोगी पडतो, कारण तो विषाने नव्हे, तर उवेच्या शरीरावर थर चढवून तिला मारतो. तान्ह्या बाळासाठी कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच वापरावे. रॉकेल किंवा शेतीतील कीटकनाशक मात्र कधीही डोक्याला लावू नये. त्यातून भाजण्याचा आणि विषबाधेचा खरा धोका आहे.

औषध नको असेल, तर ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत एकेक बट विंचरावी आणि प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसून पाहावी. हे काम पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करावे लागते व सतराव्या दिवशी तपासणी करावी लागते. ते वेळखाऊ आहे, पण चिकाटीने केल्यास परिणामकारक ठरते.

घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत, कारण उवा उडत किंवा उडी मारत नाहीत. डोक्याला डोके लागले की त्या केसांवरून केसांवर जातात. डोक्यापासून दूर पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, म्हणून घरभर फवारणी करण्याची गरज नाही. उशीचे अभ्रे, टॉवेल आणि टोप्या गरम पाण्यात धुणे पुरेसे आहे. स्वच्छ केसांतही उवा तितक्याच सहज राहतात, त्यामुळे मुलाला रागावणे किंवा त्याचे मुंडण करणे अन्यायाचे आहे.

उपचारानंतरही काही दिवस खाज राहू शकते, कारण ती उवेच्या लाळेची ॲलर्जी असते. केवळ खाजेवरून पुन्हा औषध लावू नये. जिवंत ऊ सापडली तरच उपचार फसला असे समजावे. त्वचेपासून दूर, केसाच्या लांबीवर दिसणाऱ्या लिखा बहुधा रिकामी टरफलेच असतात. खाजवून जखमा झाल्या आणि त्यांत पू धरला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.