ट्रेझर बीच

जमैकाच्या दक्षिण किनाऱ्यावरील, सेंट एलिझाबेथ परगण्यातील कोळी-शेतकऱ्यांची वस्ती. हे एकच गाव नव्हे. बिलीज बे, फ्रेंचमन्स बे, कॅलबॅश बे व ग्रेट बे या लहान उपसागरांकाठच्या वाड्यांचे ते सामाईक नाव आहे. उत्तर किनाऱ्यासारखी अवाढव्य हॉटेले येथे झाली नाहीत, आणि वस्तीचा शांतपणा त्यामुळेच टिकला.

येथील अनेक कुटुंबांत उजळ वर्ण, हिरवट डोळे व पिंगट केस आढळतात. त्याचे मूळ विवाद्य आहे. फुटलेल्या जहाजातून वाचलेले स्कॉटिश लोक येथे राहिले, ही कथा सर्वांत लोकप्रिय. काही जण ती पनामातील डेरियन येथे 1698–1700 दरम्यान फसलेल्या स्कॉटिश वसाहतीशी जोडतात. डेरियनहून काही माणसे जमैकाला पोहोचली हे खरे. परंतु ती याच किनाऱ्याला लागली, याला कथेइतका भक्कम आधार नाही. 1830 च्या दशकात जमैकात आलेल्या जर्मन वसाहतकऱ्यांकडेही बोट दाखवले जाते, पण त्यांचे सीफर्ड टाउन शेजारच्या वेस्टमोरलँड परगण्यात आहे. एखाद्या जहाजापेक्षा पिढ्यान्‌पिढ्यांची युरोपीय-आफ्रिकी सरमिसळ हेच कारण अधिक संभवनीय वाटते.

सांताक्रूझ डोंगराच्या पर्जन्यछायेमुळे पाऊस बेताचा. तांबड्या मातीत पातीचा कांदा, कलिंगड, टोमॅटो पिकतात ते गिनी गवताच्या आच्छादनावर. वाळलेले गवत जाड पसरतात, रोपापुरतेच बाजूला सारतात आणि पाणी थेट मुळाशी घालतात. ओल टिकते, तण दबते. मात्र कडक उन्हाळ्यात ठिणगी पडली तर आच्छादनासह पीक जळते.

समुद्राला आत खेचणारी ओढ आहे. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न येता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. पॅरटी किनाऱ्यासमोरच्या वाळूच्या दांड्यावर, खांबांवर उभारलेल्या पेलिकन बारला होडीने जातात. वारा वाढण्याआधी, सकाळी निघणे बरे. हा बार 2024 च्या बेरिल वादळात वाहून गेला होता आणि 2025 मध्ये मेलिसाने परगण्याला पुन्हा जबर तडाखा दिला. तेव्हा तो उभा आहे का, हे नावाड्याला आधी विचारावे. 1 एप्रिल ते 30 जून शेवंडाच्या मासेमारीस बंदी असते. या काळात ताजा शेवंड मागू नये.