निपाणी अडली, गोकाक चाललं

बेळगाव जिल्ह्याचे जुने दहा तालुके आणि निपाणी, मिळून अकरा फाइली. प्रत्येकीत त्या त्या तालुक्यातल्या विहिरींचे बिंदू. पायथन या संगणकभाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टनं, म्हणजे आज्ञांच्या यादीनं, या फाइली एकामागून एक उघडायच्या आणि सगळ्यांचा मिळून एक नकाशा करायचा, एवढंच काम. ज्यानं ती लिहिली त्या मित्राचा सकाळी फोन आला, "अरे, गोकाक चालूलालंय, हुक्केरी चालूलालंय, निपाणी आली की आडूलालंय बघ. फाइल नाही म्हणूलालंय. फाइल तर समोर दिसूलालीय की!"

आम्ही एकेक फाइल सुटी चालवून पाहिली. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, गोकाक, सौंदत्ती पास. बेळगाव, अथणी, रायबाग, रामदुर्ग, बैलहोंगल आणि निपाणी नापास. सीमाभागातला माणूस अशी यादी पाहिली की आधी त्यात राजकारण शोधतो. इथं कारण निघालं एका तिरक्या रेघेत.

विंडोजमध्ये फोल्डरच्या पत्त्यात उलटी तिरकी रेघ असते, बॅकस्लॅश. मित्रानं सगळे पत्ते हातानं, इंग्रजी लहान लिपीत टाइप केले होते. आता पायथनला बॅकस्लॅश दिसला की तो पुढच्या अक्षराकडे वेगळ्या नजरेनं बघतो. पुढं 'एन' आलं तर तो त्या जोडीचा अर्थ 'नवी ओळ' असा घेतो. म्हणजे निपाणीचा 'एन' गेला, पत्ता मधेच मोडला आणि उरलं नुसतं 'इपाणी'. 'बी' आलं तर एक अक्षर मागं सरकायची खूण. बेळगाव आणि बैलहोंगल त्यात गेले. 'आर' म्हणजे टाइपरायटरचा गाडा ओळीच्या सुरुवातीला नेणं. रायबाग आणि रामदुर्ग तिथं अडले. आणि अथणीचा 'ए'? तो चक्क घंटा. टेलिप्रिंटरच्या काळात पलीकडच्या टोकाला घंटी वाजवायची जी खूण होती, ती अजून पायथनमध्ये नांदते आहे. गोकाकचा 'जी', खानापूरचा 'के', हुक्केरीचा 'एच' यांना असा कुठलाच गुप्त अर्थ नाही, म्हणून ते सुटले. आमच्या उचगावची फाइल असती तर स्क्रिप्ट सुरूच झाली नसती, कारण बॅकस्लॅशनंतर 'यू' आला की पायथन पुढं चार आकडी युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात अक्षराला ठरवून दिलेला नंबर, मागतो.

याच्यातली खरी गंमत पुढं आहे. पायथनच्या 3.12 आवृत्तीपासून ही चूक केली तर पडद्यावर इशारा येतो, पण तो गोकाकच्या ओळीवर येतो! 'जी'ला अर्थ नाही, हे काय लिहिलंय, असं तो विचारतो. निपाणीच्या ओळीबद्दल मात्र अवाक्षर नाही, कारण त्याच्या लेखी ती अगदी शुद्ध आहे. जिथं इशारा आहे तिथं काम होतंय आणि जिथं काम बिघडलंय तिथं शांतता. उपाय किरकोळ: पत्त्याच्या अवतरणचिन्हाच्या आधी एक 'आर' लावायचा, म्हणजे पायथन बॅकस्लॅशला नुसती रेघच समजतो, किंवा सरळ सुलटी तिरकी रेघ वापरायची, विंडोजला तीही चालते.

तरीही ही चूक सभ्यच म्हणायची. स्क्रिप्ट थांबली, लाल अक्षरात काहीतरी म्हणाली. ती लाल ओळींची भेंडोळी खालून वर वाचायची, शेवटच्या ओळीत आजार आणि त्याच्या वर जागा, एवढं जमलं की अर्धी दुरुस्ती झालीच. मला धास्ती वाटते ती न बोलणाऱ्या चुकांची.

बेळगाव शहर साधारण 15.85 अंश उत्तर अक्षांश आणि 74.50 अंश पूर्व रेखांशावर आहे. आपण बोलताना 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, त्याच क्रमानं वहीत लिहितो. पण नकाशावरचा बिंदू करताना संगणकाला आधी आडवा आकडा हवा असतो, म्हणजे रेखांश. क्रम उलटा पडला तर बेळगावची विहीर 74.50 उत्तर, 15.85 पूर्व इथं जाऊन बसते. ती जागा नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या बर्फाळ समुद्रात, बेअर बेटाच्या पश्चिमेला. पायथनला त्याचं काही वाटत नाही. पृथ्वीवर तशी जागा आहे ना, मग झालं.

यात भर घातली ती 2019 च्या बदलानं. नकाशांची निर्देशांकपद्धत बदलून देणारं 'प्रोज' आणि फाइली वाचणारं 'जीडाल', ही दोन सॉफ्टवेअर जगभरच्या जीआयएसच्या, म्हणजे संगणकी नकाशांच्या प्रणालींच्या, पोटात असतात. त्यांच्या नव्या आवृत्त्यांनी अधिकृत व्याख्येतला क्रम पाळायला सुरुवात केली आणि जीपीएसच्या नेहमीच्या पद्धतीच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आहे. त्यामुळं वर्षानुवर्षं चालणारी स्क्रिप्ट नव्या संगणकावर टाकली आणि एक अक्षरही न बदलता उत्तर बदललं, असं पुष्कळांचं झालं. प्रोज पायथनमधून वापरायच्या 'पायप्रोज'मध्ये 'ऑलवेज_एक्सवाय' नावाचा पर्याय याच्यासाठीच ठेवलेला आहे. तो लावला की रेखांश आधी, हे ठरून जातं.

दुसरी मुकी चूक नवशिक्यांपैकी जवळपास प्रत्येकाची होते, माझीही झाली. जिओपांडाज या पायथनच्या नकाशा-लायब्ररीत 'सेट_सीआरएस' आणि 'टू_सीआरएस' अशा दोन आज्ञा आहेत; सीआरएस म्हणजे निर्देशांकपद्धत. पहिली फक्त चिठ्ठी लावते की हे आकडे अमुक पद्धतीतले आहेत. दुसरी आकडे खरोखर बदलून देते. जोंधळ्याच्या पोत्यावर 'तांदूळ' लिहिलं म्हणून आत तांदूळ होत नाही. अंशांतल्या आकड्यांवर मीटरची चिठ्ठी लावली की सगळा जिल्हा दोन-तीन मीटरच्या चौकोनात मावतो आणि नकाशावर तर दिसतही नाही.

चिठ्ठीच्या जागी खरं रूपांतर केलं तरी पट्टा कुठला, हा प्रश्न राहतोच. मीटरमध्ये मोजण्यासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे केलेले आहेत. 72 ते 78 अंश पूर्व हा 43 वा पट्टा, बेळगाव त्यात. नागपूर 79 अंशांवर, म्हणजे 44 व्यात. मी एकदा विदर्भातल्या कामासाठी लिहिलेली स्क्रिप्ट उसनी आणली आणि पट्ट्याचा क्रमांक बदलायला विसरलो. एक एकराचं शेत, म्हणजे बरोबर 40 गुंठे, मोजून आलं जवळजवळ साडेचाळीस. आकडा इतका पटण्यासारखा की शंकाच आली नाही. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. आपल्याकडं अर्ध्या गुंठ्याच्या बांधासाठी दोन पिढ्या कोर्टात जातात, आणि इथं तो एका आकड्याच्या चुकीनं शेताला चिकटला होता. आडवे निर्देशांक ऋण आलेले होते, हे आधी पाहिलं असतं तर तिथंच कळलं असतं. 43 व्या पट्ट्यात बेळगाव साधारण 4,46,000 मीटरवर येतं. रूपांतर न करता थेट अंशांतच क्षेत्रफळ काढलं असतं तर तेच शेत 0.00000034 दिसलं असतं. तो आकडा निदान हास्यास्पद तरी आहे, माणूस थांबून बघतो.

सीमाभागाचं खास दुखणं मात्र नावांचं. विहिरींची यादी मराठीत, जमिनीची कागदपत्रं कन्नडमधून इंग्रजीत आलेली, आणि दोन्ही गावाच्या नावावरून जोडायच्या. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या फाइलीत एक, नव्या फाइलीत दुसरं. चिकोडी की चिक्कोडी, सौंदत्ती की सवदत्ती. कंग्राळी तर दोन: बुद्रुक आणि खुर्द. इंग्रजी यादीत ती 'बीके' आणि 'केएच' होतात, कधी टिंबांसह, कधी बिनटिंबांची. साफसफाई म्हणून ही शेपटं छाटली की दोन गावांचं एक होतं आणि प्रत्येक विहीर दोनदा मोजली जाते.

त्याहून चकवणारं म्हणजे हुबेहूब दिसणारी पण वेगळी असलेली नावं. 'दऱ्यातली विहीर' या नावातला ऱ युनिकोडमध्ये एक अख्खं अक्षर म्हणून टाइप होतो, तसाच साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) असाही होतो. डोळ्यांना काडीचा फरक नाही. दोन्ही नावांची लांबी छापून पाहिली तर एकात एक चिन्ह जास्त निघतं. पायथनमध्ये 'युनिकोडडेटा'च्या 'नॉर्मलाइझ' या आज्ञेतून दोन्ही याद्या आधी काढल्या की हा दुजाभाव मिटतो. आणि शेपफाइल हा नकाशाची माहिती ठेवायचा जुना फाइलप्रकार वापरत असाल तर रकान्याच्या मथळ्याला तिथं फक्त 10 बाइट मिळतात. युटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. 'विहिरीची खोली' आणि 'विहिरीचा मालक' दोन्ही 'विह'वर येऊन एकमेकांवर आपटतात. मी तेव्हापासून जिओपॅकेज हा नवा फाइलप्रकारच वापरतो. गावं जोडायला नावाऐवजी सरकारी गाव-संकेतांक मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर 'मर्ज' आज्ञेनं याद्या जोडताना 'इंडिकेटर' हा पर्याय चालू ठेवून कोण उरलं त्याची यादी काढायची आणि ती स्वतः वाचायची.

आता माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन ओळी असतात. बिंदू 15 ते 17 अक्षांश आणि 74 ते 76 रेखांश या चौकटीबाहेर असेल तर थांब. आणि आमच्या मळ्याचं क्षेत्र, जे मला टेप लावून मोजलेलं माहीत आहे, ते बरोबर येत नसेल तर थांब. परवा ती पहिल्याच ओळीवर थांबली. एका विहिरीचे अक्षांश शून्य, रेखांश शून्य. म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात. ज्या पोरानं नोंद घेतली त्याच्या मोबाइलला झाडीत उपग्रह सापडले नव्हते आणि ॲपनं रिकाम्या जागी शून्यं भरली होती. विहीर जांबोटीच्या रस्त्याला. रविवारी तो पुन्हा मोटरसायकल काढून गेला.